बिजासनच्या चढाला वीस तास

ही गाडी कुणा एका मालकाची नाही. ऑइल फिल्टरपायी गेलेली इंजिनं गॅरेजात उघडली की बिघाडाचा जो क्रम पुन्हा पुन्हा सापडतो, तो एका दहाचाकी गाडीवर बसवून हा घटनाक्रम मांडला आहे. रस्ता खरा, थंडी खरी, फिल्टरच्या डब्यातल्या वस्तूही खऱ्या. गाडी सहा सिलिंडरची, बीएस-4 काळातली, म्हणजे एप्रिल 2020 च्या आधीची. माल 18 टन लाल कांदा, पिंपळगाव बसवंतहून आग्रा रोडने उत्तरेकडे. इंजिन जाम झालं ते जानेवारीतल्या एका सोमवारी, दुपारी 12 वाजता, बिजासन घाटात. त्याआधीचे वीस तास असे गेले.

रविवार, दुपारी 4 : वीस तास बाकी

हायवेलगतच्या गॅरेजात गाडी ऑइल बदलीला लागली. चेंबरचा बोल्ट काढून काळं ऑइल टपात सोडलं आणि मिस्त्रीने ड्रायव्हरला फिल्टर आणायला पिटाळलं. स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर चार खोकी आली.

पहिलं गाडीच्या कंपनीच्या नावाचं. दुसरं नावाजलेल्या फिल्टर कंपनीचं. ट्रक बनवणाऱ्या कंपन्या बहुधा फिल्टर स्वतः बनवत नाहीत. पुण्याची फ्लीटगार्ड, मान-हुमेल, माले, डोनाल्डसन यांसारख्या फिल्टरवाल्यांकडून माल घेतात आणि आपल्या खोक्यात घालतात. त्यामुळे ही दोन खोकी पुष्कळदा एकाच तोलाची असतात, आणि नेमक्या आपल्या इंजिनासाठी दिलेला नंबर असेल तर दुसरं घेण्यात काही कमीपणा नाही. तिसरं खोकं लोकल मालाचं, भाव निम्म्याहून कमी. चौथ्यावर पहिल्याचंच नाव, तोच रंग, वर चकाकणारा होलोग्राम, आणि भाव पहिल्या आणि तिसऱ्याच्या मधोमध.

मालकाला फोन लागला.

"शेठ, ओरिजिनल दोन भावांत आहे म्हणतो हा."

"ओरिजिनलच आहे ना? मग कमीवाला घे. आणि बिलाचं बघ, बिलाशिवाय अजून काही सोडत असेल तर."

माझ्या मते सगळ्यात वाईट खरेदी ही. लोकल फिल्टर घेणाऱ्याला आपण काय घेतलं ते निदान ठाऊक असतं. तो मनात धाकधूक ठेवतो, ऑइल लवकर बदलतो. डुप्लिकेट घेणारा मात्र ओरिजिनलच्या भरवशावर पुढचे 40 हजार किलोमीटर काढायला निघतो.

रविवार, दुपारी 4.30 : साडेएकोणीस तास

मिस्त्रीने रबरी गॅस्केटला बोटाने ऑइल लावलं, फिल्टर हाताने फिरवला आणि गॅस्केट टेकल्यावर पाऊण फेरा आवळला. काम अगदी पद्धतशीर. मिस्त्रीला नावं ठेवायला जागा नाही. बंद डब्याच्या आत तो तरी काय पाहणार?

आत काय असतं ते आपण पाहू. फिल्टरची चर्चा निघाली की सगळे कागदावर येतात. कुणी म्हणतं 20 मायक्रॉन, कुणी 10. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण नुसता आकडा सांगणं फसवं आहे. 20 मायक्रॉनचे कण आले तर त्यांतले किती अडले, हा खरा प्रश्न. त्याचं माप म्हणजे बीटा. बीटा 2 म्हणजे दोनांतला एक अडला, एक पुढे गेला. बीटा 75 म्हणजे पंचाहत्तरांतला एकच निसटला. दोन्ही डब्यांवर '20 मायक्रॉन' छापता येतं आणि दोघांनाही खोटं म्हणता येत नाही. आयएसओ 4548-12 या चाचणीत धूळ मिसळलेलं ऑइल फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवतात आणि अलीकडचे-पलीकडचे कण मोजतात. विक्रेत्याने मायक्रॉनसोबत बीटा किंवा टक्का सांगितला नाही तर तो आकडा सोडून द्यावा.

बारीक गाळण्याचा फायदा किती, याचं उत्तर जुनंच आहे. जनरल मोटर्सच्या अभ्यासातून 1988 साली आलेल्या एसएई निबंधात 40 मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत 30 मायक्रॉनच्या फिल्टरने इंजिनाची झीज निम्म्यावर आली आणि 15 मायक्रॉनच्या फिल्टरने सुमारे 70 टक्क्यांनी घटली. कारण उघड आहे. भरल्या लोडवर क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधला ऑइलचा थर काही मायक्रॉनांचाच उरतो. त्या थराहून जाड कण दोन्हीकडे घासत जातो.

इतकं सगळं खरं असूनही आपली गाडी कागदाने मेली नाही. कागद वाईट असता तर इंजिन दोन-तीन वर्षांनी थकलं असतं, ऑइल खाऊ लागलं असतं आणि मालकाने ड्रायव्हरला बोल लावला असता. वीस तासांत इंजिन घालवायला दुसरंच काही लागतं.

डब्यात कागदाखेरीज चार गोष्टी असतात. कागदाच्या घड्यांना आतून आधार देणारी भोकं पाडलेली पत्र्याची नळी. घड्यांची दोन्ही टोकं आणि उभा जोड धरून ठेवणारा चिकट मसाला. इंजिन बंद झालं की ऑइल खाली उतरू नये म्हणून बसवलेली रबराची चकती, म्हणजे अँटी-ड्रेन व्हॉल्व्ह. आणि बायपास व्हॉल्व्ह. हा बायपास काही इंजिनांत फिल्टर ज्याला लागतो त्या हेडमध्ये असतो, काहींत फिल्टरच्या डब्यातच. या गाडीत तो डब्यात होता. म्हणून तर 'चुडी बसली की फिल्टर चालतो' हे काउंटरवरचं शास्त्र धोक्याचं आहे. चुडी तीच, गॅस्केट तेच, आणि आत बायपासच नाही, असा फिल्टर सहज मिळतो.

आता चांगला डबा आणि चौथ्या खोक्यातला डबा शेजारी ठेवून कापले असते तर दिसलं असतं ते असं. चांगल्यात घड्या एकसारख्या अंतरावर, टोकं पत्र्याच्या टोपणात मसाल्याने पक्की. डुप्लिकेटमध्ये घड्या कमी, एका बाजूला दाटलेल्या, दुसऱ्या बाजूला फाकलेल्या. घड्या मोजून निकाल देणारे पुष्कळ आहेत, त्यांना एवढंच सांगायचं की काचतंतूंचा गाळणारा थर कमी घड्यांतही साध्या कागदाहून जास्त मळ धरू शकतो, आणि खच्चून भरलेल्या घड्या एकमेकींना चिकटून ऑइलची वाट अडवतात. मोजायचंच तर कागद उलगडून क्षेत्रफळ मोजावं. समजा 60 घड्या, प्रत्येकी 2 सेंटिमीटर खोल, उंची 20 सेंटिमीटर: घडीच्या दोन्ही बाजू धरून 4,800 चौरस सेंटिमीटर. 42 घड्या आणि उंची 17 असेल तर 2,856. डबा बाहेरून तेवढाच, आत कामाची जागा चाळीस टक्क्यांनी कमी. उरलेल्या जागेत हवा.

चांगल्या डब्यातली रबराची चकती बऱ्याचदा सिलिकॉनची, तापून-निवूनही मऊ राहणारी. स्वस्तातली साध्या नायट्रिलची. ती उष्णतेने हळूहळू कडक होते. आपल्या डब्यातली नवी असतानाच कडक होती. मधली नळी नखाने दाबली तर लवेल इतकी पातळ. आणि बायपासच्या जागी दिसायला स्प्रिंग होती, पण झाकण कडेला मसाल्यात अडकलेलं. ते कधीच उघडणार नव्हतं.

रविवार, संध्याकाळी 5 : एकोणीस तास

नवं 15डब्ल्यू-40 ऑइल भरून इंजिन चालू केलं. प्रेशरचा काटा लगेच वर. इंजिन कोमट होतं, ऑइल पातळ होतं. अशा वेळी कुठलाही डबा पास होतो. मिस्त्रीने खालून गळती पाहिली, कोरडं. ड्रायव्हरने काटा पाहिला, ठीक. रोजच्या दिवशी चौथं खोकं पहिल्यासारखंच वागतं, आणि म्हणूनच ते विकलं जातं.

रविवार, रात्री 9 : पंधरा तास

गोणी भरून झाल्या, दोर आवळले. पहाटे निघायचं ठरलं. इंजिन बंद. कडक चकतीच्या फटीतून फिल्टरमधलं ऑइल चेंबरमध्ये उतरू लागलं.

सोमवार, पहाटे 5 : सात तास

निफाड तालुक्याची थंडी महाराष्ट्राला पेपरातून ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातमी होतो. त्या पहाटे गाडीच्या काचेवर दव गोठायच्या बेतात होतं. 6 अंश धरा.

6 अंशांना 15डब्ल्यू-40 ऑइल हे गरम इंजिनात असतं त्याच्या साधारण पन्नासपट जाड असतं. यात ऑइलचा दोष नाही. हा ग्रेड शून्याच्या बराच खालीही पंपाने उचलला जातो. पण पंप गाडीच्या इंजिनाला बांधलेला असतो, त्याला थंडी कळत नाही. तो तेवढंच ऑइल रेटत राहतो. ते कागदातून पटकन पार होत नाही, आणि फिल्टरच्या अलीकडे दाब चढतो. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह साधारण 4-5 बारला मोकळा होतो, तोवर सगळा भार फिल्टरवर. अशा वेळी चांगल्या फिल्टरचा बायपास क्षणभर उघडतो आणि न गाळलेलं का होईना, ऑइल पुढे सोडतो. गाळलेलं नसलेलं ऑइल मिळणं हे ऑइलच न मिळण्यापेक्षा कधीही बरं, हा इंजिन बनवणाऱ्यांचा हिशेब आहे. आयएसओ 4548 मालिकेत बायपासची वेगळी चाचणी आहे, दाबाखाली एलिमेंट चेपतो का याची वेगळी, थंडीतल्या धक्क्यांसाठी वेगळी. नावाजलेल्या कंपन्या फिल्टरला यातून काढतात. चौथं खोकं पहिल्यांदा यातून गेलं ते त्या पहाटे, गिऱ्हाइकाच्या इंजिनावर.

ड्रायव्हरने चावी फिरवली. रात्रीत रिकामा झालेला डबा भरेपर्यंत ऑइल प्रेशरची लाल बत्ती नेहमीपेक्षा जास्त वेळ पेटून राहिली. "थंडी हाये," क्लीनर म्हणाला. ड्रायव्हरने इंजिन लवकर तापावं म्हणून अॅक्सिलरेटर दाबून धरला. थंड इंजिनाला रेस देणं एरवीही वाईट. इथे तर पंपाने जाड ऑइल आणखी जोराने रेटलं, अडकलेला बायपास हलला नाही, आणि मधली पातळ नळी चरकातून निघालेल्या चिपाडासारखी चेपली. कागद उभ्या जोडावर फाटला.

डब्यातून बाहेर आवाज आला नाही. बत्ती विझली. काटा वर गेला.

सोमवार, सकाळी 6.30 : साडेपाच तास

चांदवड ओलांडून राहुडचा घाट. गाडी नेहमीसारखी ओढत होती. प्रेशरचा सेन्सर बहुतेक इंजिनांत फिल्टरच्या पुढे, मुख्य गॅलरीवर बसवलेला असतो. फिल्टर फाटला तर ऑइलला वाट मोकळीच मिळते, म्हणून काटा खूश. तो फक्त दाब सांगतो. ऑइल गाळलेलं आहे की त्यात कागद आणि मसाल्याचे तुकडे वाहतायत, हे सांगायला कुठलाच काटा नाही.

ते तुकडे वाहत होते. पिस्टनला खालून ऑइलची धार मारणारे बारीक जेट, क्रँकमधून रॉड बेअरिंगकडे जाणारी भोकं, टर्बोची बारीक नळी: इंजिनातल्या सगळ्या अरुंद जागा फिल्टरच्या भरवशावर अरुंद ठेवलेल्या असतात.

सोमवार, सकाळी 7.45 : सव्वाचार तास

मालेगाव. चहा. काही घडलं नाही. निदान गाडीबाहेरून दिसेल असं काही नाही.

सोमवार, सकाळी 9.15 : पावणेतीन तास

धुळ्याला नाश्त्यासाठी थांबताना गाडी आयडलवर होती आणि लाल बत्ती एकदा लुकलुकली. गरम आयडलवरची बत्ती ही सगळ्यात खरं बोलणारी बत्ती. या वर्गातल्या कित्येक इंजिनांत आयडलला 10 पीएसआय आणि पूर्ण फेऱ्यांना 30 पीएसआय ही खालची मर्यादा असते. बेअरिंग झिजून फट वाढली की ऑइल तिथून निसटतं, आणि ते पहिल्यांदा दिसतं गरम आयडलवर. रेस दिली की काटा पुन्हा वर येतो आणि माणूस निश्चिंत होतो.

ड्रायव्हरने शहाण्यासारखं इंजिन बंद केलं, दहा मिनिटं थांबून ऑइल पट्टी काढली. लेव्हल पूर्ण. क्लीनरने पट्टी फडक्याला पुसली आणि फडकं उन्हात धरलं.

"मामा, ऑइलला चमक दिसती."

"नवं ऑइल हाये, चमकंल नायतर काय."

डिझेल इंजिनात नवं ऑइल काही तासांतच काळवंडतं. उन्हात दिसली ती बारीक चंदेरी भुकटी बेअरिंगची होती. बेअरिंगच्या पाळीवर मऊ धातूचा वरचा थर असतो, वीसेक मायक्रॉनांचा. तो उतरत होता. शेजारच्या गॅरेजातल्या पोराने बोनेटखाली डोकं घालून निदान केलं: सेन्सर. "वायर हलली असेल, जा बिनधास्त." या एका वाक्याने देशात किती क्रँक गेले असतील, त्याची गणती कुणी केलेली नाही.

खरं तर इथे इंजिन अजून वाचत होतं. चेंबर खोलून दोन पाळ्या बदलल्या असत्या, जेट साफ केले असते, खर्च हजारांत राहिला असता. पण 18 टन कांदा आणि पोचायची वेळ या दोन गोष्टी कुठल्याही ड्रायव्हरच्या कानात बत्तीपेक्षा मोठ्याने बोलतात. मी त्याला दोष देणार नाही. उशीर झाला तर भाड्यातून कापणारे लोक वेगळे असतात.

सोमवार, सकाळी 10.45 : सव्वा तास

तापी ओलांडून शिरपूर. सपाट रस्ता, पाचवा गिअर. टर्बोची शिट्टी किंचित खरखरीत झाली होती. टर्बोचा दांडा पूर्ण जोरात असताना मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो आणि त्याला आधार फक्त ऑइलच्या थराचा. त्याची नळी अर्धी बुजली होती.

सोमवार, सकाळी 11.25 : पस्तीस मिनिटं

पळासनेर. पुढे मध्य प्रदेशची हद्द आणि सातपुड्याचा चढ.

सोमवार, सकाळी 11.40 : वीस मिनिटं

बिजासन. तिसरा गिअर, मग दुसरा. इथे इंजिनाकडून सगळ्यात जास्त मागणं: पूर्ण लोड, कमी वेग, समोरून वारा नाही, ऑइल तापून पातळ. टर्बोची हवा पुरेना, धूर काळा झाला. ड्रायव्हरने आणखी दाबलं. आयडलवर लुकलुकणारी बत्ती आता चढावर पेटली आणि पेटूनच राहिली.

सोमवार, सकाळी 11.52 : आठ मिनिटं

खालून ठोका. आधी फक्त दाबल्यावर, मग सतत. ही रॉडची बिग एंड बेअरिंग. पाळी जागेवरून फिरली होती आणि क्रँक आता कोरड्या लोखंडावर घासत होता. गाडी लगेच बाजूला घेऊन बंद केली असती तर ब्लॉक तरी वाचला असता. पण वळणावर, मागे गाड्यांची रांग, बाजूला जागा नाही.

सोमवार, दुपारी 12

मोठा आवाज, आणि इंजिन थांबलं. रॉडने ब्लॉक फोडला होता. भोकातून सगळं ऑइल डांबरावर. ड्रायव्हरने हँडब्रेक ओढला, क्लीनरने उडी टाकून मागच्या चाकांना दगड लावले. हवेच्या ब्रेकच्या गाडीत हँडब्रेक स्प्रिंगचा असतो, कॉम्प्रेसर बंद पडला तरी धरतो. गाडी मागे घसरली नाही. कुणाला इजा नाही. दोघांनी सांडलेल्या ऑइलवर माती टाकली, मागे झाडाच्या फांद्या ठेवल्या. मालकाला फोन गेला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न कांद्याचा होता, दुसरा इंजिनाचा.

कांदा संध्याकाळी दुसऱ्या गाडीत पलटी केला. ही गाडी टोचन करून शिरपूरला आणली.

मंगळवार

इंजिन उतरवलं. चेंबरमध्ये पाळ्यांचे तुकडे. क्रँकचा एक जर्नल निळा पडलेला. चार जेटच्या तोंडाशी तपकिरी कागदाचा लगदा. इतर पाळ्यांचा वरचा थर उतरून आतला तांबूस धातू दिसत होता. फिल्टर कापला. कटरनेच कापला, हे मिस्त्रीचं शहाणपण. हॅकसॉने कापला की पात्याचा भुगा आत पडतो आणि मग कुठला भुगा कुणाचा ते कळत नाही. चेपलेली नळी, फाटका जोड आणि मसाल्यात अडकलेला बायपास, तिन्ही एका नजरेत. ब्लॉक, क्रँक, रॉड, टर्बो आणि मजुरी मिळून खर्च लाखांत गेला. फिल्टरच्या दोन भावांत फरक होता तो काही शे रुपयांचा.

मालक दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, बिल दाखवा. बिल नव्हतं, ते न घेण्याचेच तर पैसे कमी झाले होते. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकण्याला ट्रेडमार्क कायदा 1999 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. पण माल त्या दुकानातलाच, हे सिद्ध करायला कागद लागतो.

गाडीमालकांनो, फिल्टर वरच्या चारांपैकी दुसऱ्या, नावाजलेल्या फिल्टर कंपनीच्या खोक्यातला घ्या, पण बिलासह घ्या, नंबर कंपनीच्या यादीशी ताडून घ्या आणि बिल पुढच्या ऑइल बदलीपर्यंत ठेवा. जुना फिल्टर दर वेळी कापून घड्यांत चमक आहे का ते पाहा. दहा मिनिटांचं काम आहे. कापायचा कंटाळा असेल तर निदान भंगारात देण्याआधी त्याला छिन्नीने एक भोक पाडा आणि खोकं फाडून टाका. धड डबा आणि धड खोकं भंगारवाल्याकडून विकत घेणारे लोक असतात, आणि ते ती दोन्ही रिकामी विकत नाहीत.